रोपाला पाणी

त्या खेळात बोलली जाणारी एकूण वाक्यं चार हजार एकशे बारा आहेत, आणि दीपगृहाच्या रखवालदाराचं ते वाक्य त्यांत नाही.

हे प्रथम उघड झालं ते बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, आमच्या प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये. मी तापमान विभागात आहे. कारखान्यांकडून, इस्पितळांकडून, शीतगृहांकडून तापमापक येतात. त्यांतला प्रत्येक खरं बोलतो की खोटं हे मी पाहते, आणि खोटं बोलत असेल तर नेमकं किती, तेवढं प्रमाणपत्रावर लिहून देते. का बोलतो, हे विचारण्याची पद्धत नाही. विद्युत विभागातले एक ज्येष्ठ गृहस्थ रोज आमच्या टेबलावर डबा खातात. समोरच्याने काहीही म्हटलं तरी ते आधी विरोध करतात, म्हणून, विजेच्या रोधाच्या एककावरून, त्यांना सगळे ओहमसाहेब म्हणतात, आणि या नावालाही त्यांचा विरोध आहे. त्या दिवशी वाद होता जुन्या संगणकखेळांचा. नव्वदच्या दशकात, आम्ही वाढत असताना, जे खेळ घरोघरी पोचले त्यांतला श्रेष्ठ कोणता? एका बाजूला एका बेटावरचा साहसखेळ होता: एक माणूस किनाऱ्याला लागतो, वस्तू गोळा करतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, कोडी सोडवतो. दुसऱ्या बाजूला सहा योद्ध्यांची फौज घेऊन भुयारं पालथी घालण्याचा खेळ. त्यात प्रत्येक योद्ध्याचं बळ, चपळाई, प्रकृती आकड्यांत मांडलेली असते आणि लढून लढून ते आकडे वाढवायचे असतात. ओहमसाहेब फौजेचे. मी बेटाची, आणि तीही आजकालची नव्हे.

“बाई, तुमच्या बेटावर असतं काय? एक कुलूप, एक किल्ली. सापडली तर ठीक, नाही तर बसा हात चोळत.”

“आणि तुमच्या फौजेत? राक्षस मारा, आकडा वाढवा, म्हणजे आणखी मोठा राक्षस मारता येतो. नोकरी आणि त्यात फरक काय?”

टेबल माझ्या बाजूने हसलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं; पण जिंकत असताना थांबणं मला कधी साधलेलं नाही. मी म्हटलं, बेटावरची माणसं बोलतात, आणि काय बोलतात! तो दीपगृहाचा रखवालदार घ्या. आपला माणूस दोनशे पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचतो, दहा प्रश्न विचारतो, आणि म्हातारा मान न वळवता म्हणतो, “दिव्याला वात नाही, आणि तू मात्र मला वात आणलास.” टेबल पुन्हा हसलं. ओहमसाहेबांचा चमचा तोंडापाशी थांबला.

“हे तो कुठं म्हणतो?”

“दीपगृहात. पहिल्याच भेटीत.”

“मी तो खेळ चौदा वेळा पूर्ण केलाय.”

“मग चौदाही वेळा तुमचं लक्ष नव्हतं.”

“बाई,” त्यांनी चमचा खाली ठेवला, आणि एरवी विरोध करताना जो उत्साह त्यांच्या आवाजात असतो तो या वेळी नव्हता, “खेळ इंग्रजीत आहे. हा विनोद इंग्रजीत होईल कसा?”

दिव्याची वात स्त्रीलिंगी, माणसाला आणायचा तो वात पुल्लिंगी. त्या दोन लिंगांमधल्या फटीत तो विनोद राहतो, आणि ती फट जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेत त्याच जागी असण्याची शक्यता शून्याच्या इतकी जवळ आहे की आमच्या प्रमाणपत्रावर आम्ही शून्यच लिहू. हे कळायला मला एक सेकंदही लागला नाही. जे कळायला एकतीस वर्षं लागली ते हे, की हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी भौतिकशास्त्र शिकले. शेजारणीने भुताची गोष्ट सांगितली तर मी खोलीचं तापमान विचारते. आणि तरीही माझ्या डोक्यात तो खेळ पहिल्यापासून मराठीत होता. पडद्याच्या तळाशी उमटणारी पांढरी अक्षरं आणि माझ्या डाव्या कानाशी येणारा दादाचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो मला शेपूट म्हणायचा, अजूनही म्हणतो, कारण तो जिथे जाई तिथे मी मागे असे, न्हाणीघराच्या दाराबाहेरसुद्धा. बाबांची बदली झाली आणि आम्ही त्या दुसऱ्या गावात राहायला आलो तेव्हा तो आठवीत गेला, मी बालवर्गात. दोघांची शाळा एकच, इंग्रजी माध्यमाची. बाबा एका कारखान्यात भांडारपाल होते. कार्यालयात नवे संगणक आले, तेव्हा जुन्यांपैकी एक त्यांना घरी वापरायला मिळाला, आणि त्याच्याबरोबर बुटाच्या खोक्यात फ्लॉपींचा एक गठ्ठा. संगणक पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. खुर्ची एकच. दादा खुर्चीच्या डाव्या अर्ध्या भागावर बसे आणि उजवा अर्धा माझा. त्यामुळे त्याचं एक ढोपर कायम हवेत असे आणि मी पडू नये म्हणून त्याचा हात माझ्या पाठीमागून खुर्चीच्या कडेला धरलेला. यंत्र तापलं की त्याला एक वास येई, धुळीचा आणि प्लास्टिकचा, थोडासा गोड. आजही प्रयोगशाळेत एखादा जुना वीजपुरवठा संच सुरू केला की तो वास येतो आणि माझी उजवी मांडी आपोआप आखडते, जणू खुर्चीची कड तिथे आहे. पांढरी अक्षरं उमटली की दादा क्षणभर थांबे, घसा साफ करी, आणि वाचून दाखवी. कोळीण चिरक्या आवाजात बोले, सरदार नाकात, रखवालदार संथ आणि खर्जात. आतल्या खोलीतून बाबा कधी कधी म्हणत, “अरे, जरा मोठ्याने वाच, आम्हालाही ऐकू दे.” आल्यागेल्याला ते सांगत की पोरगा एका वर्षात इंग्रजीत तयार झाला, बहिणीला धडाधड मराठी करून सांगतो. आई म्हणे, नजर लावू नका.

गुरुवारी ओहमसाहेबांनी मला एक फाइल पाठवली. त्या खेळाच्या पोटातली सगळी वाक्यं कोणा हौशी लोकांनी काढून क्रमाने लावून ठेवली आहेत. सोबत त्यांनी एवढंच लिहिलं होतं: “खातरजमा करून घ्या. मीही चुकू शकतो.” हे त्यांनी लिहिणं, ही घटना मला वाक्य नसण्याहून अधिक अस्वस्थ करून गेली. मी पद्धतशीर जायचं ठरवलं. फाइल न उघडता, मला त्या खेळातलं जे जे बोलणं आठवत होतं ते एका वहीत उतरवून काढलं. अडतीस वाक्यं झाली. मग फाइल उघडली. अडतीसांपैकी सहा जुळली, आणि त्या सहांत “हो”, “नाही” आणि “थांब” ही तीन होती. कोळीण आपल्या बुडालेल्या नवऱ्याविषयी जे सांगते ते नव्हतं. तिला नवराच नव्हता. ती तिथे मासे मोजते. पुलावरचा सरदार आपल्याला शिव्या देत नाही, तो रस्त्याची माहिती देतो. रखवालदार तर भला गृहस्थ निघाला; तो येणाऱ्याला बसायला सांगतो.

तीन शक्यता होत्या. एक, माझी स्मृती खोटी आहे. तीस वर्षांत स्मृती सरकते, हे मान्य; पण ती सगळीकडे सारखी सरकायला हवी, आणि मला खिडक्यांचे रंग, किनाऱ्यावरच्या होड्यांचा क्रम बिनचूक आठवत होता. फक्त बोलणं चुकत होतं. दोन, दादा गंमत करत होता; खरं काय लिहिलंय ते त्याला कळत होतं आणि तो माझ्यासाठी त्याहून बरं काही रचत होता. ही शक्यता मला आवडली, आणि आवडली म्हणूनच मी तिच्यावर संशय घेतला. तिसरी मी त्या दिवशी लिहिली नाही.

बेट की फौज, हा वाद मुळात आमच्या घरातला. ओहमसाहेब त्यात फार उशिरा आले. बेटाचा खेळ आम्ही पुरा केलाच नाही. एका कोरड्या विहिरीपाशी आम्ही अडलो, पुष्कळ दिवस अडलो, मग एकदाचे तिच्या तळाशी उतरलो, आणि त्यानंतर आठवड्याभरात दादाने कोणाकडून तरी फौजेचा खेळ आणला. मी खुर्चीच्या उजव्या भागावर चढायला गेले तर तो म्हणाला, “शेपूट, यात बोलणं नाही. तुला कंटाळा येईल.” आवाज प्रेमळ होता. त्यानंतर तो खुर्चीच्या मधोमध बसू लागला. मी मागे ट्रंकेवर बसून त्याची पाठ पाहत असे. शाळेचा पांढरा सदरा, दोन खांद्यांच्या मधोमध घामाचा एक लांबट डाग, आणि त्या पाठीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारे हिरवे आकडे. मी काही विचारलं तर तो उत्तर देई, आणि त्या उत्तरात एक आकडा असे. वर्षभराने कार्यालयाने संगणक परत मागितला, बुटाचं खोकं त्याबरोबर गेलं. मग दादा शिकायला बाहेर पडला. त्याचा फोन रविवारी येई, बाबांशी दोन वाक्यं, आईशी चार, आणि मग मला, “काय शेपूट, कोणता चांगला?” मी म्हणे, बेटाचा. तो म्हणे, फौजेचा. मी म्हणे, बेटावर मरण नाही. तो म्हणे, मरण नाही, पण अडकणं आहे, ते वाईट. फौजेत चुकीची तलवार उचललीस तरी काहीतरी होतं, बेटावर चुकलीस की नुसतं काही होत नाही. मी बारावीला असताना, नोकरीला लागले तेव्हा, माझं लग्न ठरलं आणि मोडलं तेव्हा, हाच वाद. बाबा गेले त्यानंतर तीन दिवस दादा कोणाशी बोलला नव्हता, चौथ्या दिवशी गॅलरीत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “फौजेचाच चांगला.” मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की ते कोणाला सांगण्यासारखं नाही.

आणि गेली दोन वर्षं तो वाद घालत नाही. आई गेल्यावर कधीतरी हे सुरू झालं. मी विचारते, कोणता चांगला? तो म्हणतो, “तुझा गं बाई. जिंकलीस.” मग लिफ्टांबद्दल काहीतरी सांगतो, तो लिफ्टा दुरुस्त करतो, दुसऱ्या शहरात. मग ठेवू का, म्हणतो. मी जिंकले, आणि माझ्या हातात काही उरलं नाही. सगळी युक्तिवादाची दुकानं मी एका प्रश्नाभोवती थाटली होती, आणि तो प्रश्न खेळांचा नव्हता. फौजेचा खेळ त्याला का आवडला, हे मला कधी विचारायचं नव्हतं. माझ्याशेजारी बसून खेळायच्या खेळाचा त्याला कंटाळा का आला, हे विचारायचं होतं. आणि सहा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न तोंडाने विचारता येत नाही, सदतीस वर्षांच्या बाईला तर त्याहून नाही.

रविवारी दुपारी मी तो खेळ माझ्या संगणकावर चालवला. आता हे सहज होतं. जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम मिळतात. मी खुर्चीच्या मधोमध बसले, आणि थोड्या वेळाने पाहते तो उजवीकडे सरकलेली. मी बोलणं वाचत नव्हते, पाहत होते. होड्या होत्या तशाच. दादाने सांगितलेल्या दीपगृहाच्या दोनशे पायऱ्या म्हणजे मोजून बावीस. तासाभरात विहिरीपाशी पोचले. इथे आम्ही सतरा दिवस अडलो होतो. तो आकडा मला पक्का माहीत आहे, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज एक फुली काढत असे. सुट्टीचे शेवटचे आणि शाळेचे पहिले काही, मिळून सतरा दिवस. त्या दिवसांत आमच्याकडे एक रोप होतं. ते आम्हाला कोळिणीच्या झोपडीमागे सापडलं होतं, आणि ते विहिरीपाशी लावून जगवायचं, हे आमचं काम होतं. विहिरीवर टिचकी मारली की आपला माणूस म्हणायचा, “विहीर कोरडी पडलीय. इथे काहीतरी लावायला हवं.” मग आम्ही रोप काढायचो, विहिरीच्या कडेच्या मातीवर ठेवायचो, बादलीतलं पाणी घालायचो, आणि माणूस सांगायचा, “अजून माती कोरडी आहे.” दुसऱ्या दिवशी, “ऊन फार झालं, संध्याकाळी बघू.” तिसऱ्या दिवशी, “मुळं धरायला वेळ लागतो.” एकदा, “उगाच उपटून बघू नकोस, त्याला राग येतो.” मी सकाळी उठल्या उठल्या विचारायची, दादा, रोप आलं असेल का? माझ्या आयुष्यात त्या सतरा दिवसांइतके भरलेले दिवस दुसरे नाहीत, आणि हे विधान करताना मी नेहमीची काळजी घेतली आहे.

मी विहिरीवर टिचकी मारली. पांढरी अक्षरं उमटली. ती सांगत होती की विहीर खोल आहे, खाली उतरायला दोर लागेल. मी पिशवी उघडली. त्यात बादली होती, आणि तिच्या शेजारी हिरवट रंगाचं, वेटोळं झालेलं, वर एक टोक सुटलेलं इवलंसं चित्र. त्याच्या खाली चार अक्षरं: आर, ओ, पी, ई.

मी ते मोठ्याने वाचलं. इंग्रजीत नव्हे, अक्षराला अक्षर जोडत, जसं नवशिका वाचतो तसं. रोप.

हसू आलं. बराच वेळ येत राहिलं. मग मी दोर मातीवर ठेवला आणि त्यावर बादली रिकामी केली. पांढरी अक्षरं आली: त्याने काही होणार नाही. मी पुन्हा केलं. त्याने काही होणार नाही. ओहमसाहेबांच्या फाइलमध्ये पाहिलं. चुकीच्या कोणत्याही कृतीला त्या खेळाचं हे एकच उत्तर आहे. सतरा दिवस, दिवसातून निदान वीस वेळा, पडद्यावर हेच एक वाक्य येत होतं, आणि दादाने मला एकच उत्तर कधी दोनदा सांगितलं नव्हतं. आता दुसरी शक्यता टिकत नव्हती. ज्याला वाक्य कळतं तो गंमत म्हणून कोळिणीला नवरा देईल. पण उत्तर डोळ्यांसमोर लिहिलेलं असताना तो स्वतः सतरा दिवस दोराला पाणी घालणार नाही.

मी फोन लावला. मागे मोटरीची घरघर होती. रविवारीही लिफ्टा बंद पडतात.

“बोल शेपूट. तुझाच चांगला, झालं?”

“दादा, ते रोप आठवतं?”

त्याने मोटर बंद केली.

“कुठलं?”

“विहिरीपाशी लावलेलं.”

“अगं देवा,” तो म्हणाला. मग हसला, पण ते हसणं मध्येच कुठेतरी संपलं. “सापडलं होय तुला? एवढ्या वर्षांनी?”

“मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम कशाला करीन? आर ओ पी ई, रोप. हिरवं दिसत होतं. मला वाटलं, चला, एक तरी शब्द आपला निघाला.”

“म्हणजे तुला...”

“सातवीपर्यंत मी मराठीत शिकलो गं. आठवीत उचलून त्या शाळेत टाकलं. अक्षरं यायची, शब्द यायचे नाहीत. वर्गात सगळे हसले की मी हसायचो, वह्या काढल्या की वही काढायचो. घरी आलो की तू खुर्चीवर तयारच. आणि बाबा आतून म्हणणार, मोठ्याने वाच.”

“बाबा सगळ्यांना सांगायचे.”

“तेच तर ना.”

कोणीतरी त्याला हाक मारली. “आलो, आलो, तिसऱ्या मजल्यावर सोडून ठेव,” तो त्याला म्हणाला आणि पुन्हा फोनवर आला. मला वाटलं, आता ठेवू का म्हणेल. मी घाईने विचारलं, “मग विहिरीत उतरलो कसे आपण? शेवटी ओळखलंस कसं?”

“मी? मी कुठला ओळखतोय. तूच ओळखलंस.”

“काहीतरीच. मला चांगलं आठवतंय, तू ओळखलंस.”

“तुझं डोकं! शाळा सुरू झाली, तू पहिलीत गेलीस. एके दिवशी पुस्तक घेऊन नाचत आलीस, दोरीवरून उड्या मारणाऱ्या पोरीचं चित्र होतं त्यात. म्हणालीस, दादा, रोप म्हणजे दोरी रे! मग टाकली दोरी आणि उतरलो खाली. तू टाळ्या पिटल्यास. आणि खाली दारावर काय लिहिलं होतं ते तूच वाचायला लागलीस, बोट ठेवून. मी काय वाचणार होतो, ते ऐकायला थांबलीच नाहीस.”

हे मला आठवत नाही. चित्र नाही, टाळ्या नाहीत, दार नाही. विहिरीचा तळ मला आठवतो, निळसर दगड, कोपऱ्यात पाणी. पण त्याच्यावर कोणाचाच आवाज नाही.

“मग फौजेचा खेळ आणलास,” मी म्हटलं.

“त्यात आकडे होते. आकडे मला येत होते.”

“मला म्हणालास, यात बोलणं नाही.”

“नव्हतंच.” तो थोडा थांबला. घसा साफ केला. “पण तरी एक सांगू? फौजेचाच चांगला होता. तुझं ते बेट म्हणजे नुसतं एक कुलूप, एक किल्ली.”

“मूर्ख आहेस तू.”

“आणि तू बेटावर सतरा दिवस अडकलेली. जाऊ दे, माणसं खोळंबलीत इथं, रात्री करतो. तयारीत राहा.”

फोन ठेवल्यावर मी वही उघडली आणि तिसरी शक्यता लिहिली. तिच्याखाली थोडी जागा उरली होती. एकतीस वर्षं मी धरून चालले होते की दादाला माझा कंटाळा आला. तसं नव्हतं. मला वाचता येऊ लागलं, म्हणून दादाने तो खेळ बंद केला.